अकराव्या रकान्यातला खोकला

जमिनीच्या एजंटाने ग्राहकाची सेवा कशी करावी, हे सांगणाऱ्यांची आता कमी नाही. महाराष्ट्रात तर २०२३ साली महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. त्यामुळे वीस-वीस वर्षं प्लॉट विकून पोट सुटलेले गृहस्थ पुन्हा अभ्यासाला बसले. या सगळ्या शिकवणीचं सार असं की फोन लगेच उचला, वेळेवर पोहोचा, हसतमुख राहा आणि ग्राहकाची गरज समजून घ्या. पुण्या-मुंबईला हे ठीक आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात मात्र पहिल्याच सल्ल्यापाशी गाडी अडते. फोन उचलायचा तर आधी तो वाजायला हवा, वाजायला रेंज हवी, आणि रेंज इथे जागृत देवस्थानासारखी ठरलेल्या जागीच प्रसन्न होते. कुठे वळणावरचा एखादा दगड, कुठे शाळेच्या पायरीचा उजवा कोपरा. एजंट संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहिला की दिवसभराचे मिस्ड कॉल एकदम अंगावर येतात आणि त्यातले निम्मे 'तुम्ही फोन का उचलत नाही?' हे विचारायला केलेले असतात.

तेव्हा जोयड्यातल्या एजंटबंधूंसाठी वेगळा उपदेश हवा. तो मी करतो. मी एजंट नाही, त्यामुळे मला उपदेशाचा पूर्ण अधिकार आहे. शिवाय मी बेळगावकडचा. 'तुमच्या त्या जोयड्यात एखादी जागा बघा ना' म्हणणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे दर सुट्टीत माझ्याकडे उतरतात, आणि त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून मी या धंद्याचं बरंच शिक्षण फुकटात घेतलं आहे.

पूर्वी हे पाहुणे येत नसत. कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नसे. जमीन सुधारणा कायद्याची ७९-अ आणि ७९-ब ही कलमं दारातच उभी असत. त्या काळी जमीन दाखवणं हे एजंटाचं दुय्यम काम, मुख्य काम पार्टीला शेतकरी करणं. आयुष्यात कुंडीतली तुळससुद्धा न जगवलेल्या माणसासाठी कुठल्या तरी मामाच्या सातबाऱ्यावर जागा शोधायची. २०२० साली ती कलमं निघाली. महाराष्ट्रात मात्र शेतजमीन घ्यायला अजून शेतकरीच असावं लागतं. साहजिकच ज्याला मुळशीत पाय ठेवता आला नाही, तो पुणेकर आता खानापूर, लोंढा, रामनगर करत थेट जोयड्यात उतरतो.

उतरल्यावर म्हणतो, 'आम्हाला फक्त शांतता हवी.' दुसरा प्रश्न, 'इथे फोर-जी येतं का?' तिसरा प्रश्न वाघाचा. यात एक बारकावा आहे आणि तो नव्या एजंटाने नीट समजून घ्यावा. वाघ आहे का, या प्रश्नाला दोन उत्तरं द्यायची असतात. एक पार्टीने आपल्या पाहुण्यांना सांगण्यासाठी आणि एक बायकोला सांगण्यासाठी. मुरलेला एजंट म्हणतो, 'हाय की साहेब, पण आपल्या साइटकडं येत न्हाई.' वाघाला सर्व्हे नंबर वाचता येत असल्यासारखा तो हे सांगतो. पार्टीही समाधानाने मान हलवते. मान हलवणाऱ्या पार्टीच्या पाठीमागे त्या वेळी वनखात्याची पाटी असते.

आता खरी अडचण सांगतो. या तालुक्यात विकायला जमीनच फारशी नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा ऐसपैस तालुका, पण २०११ च्या जनगणनेत इथे माणसं जेमतेम बावन्न हजारांच्या आसपास. बाकी जंगल. २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ साली त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प झालं. जंगलाच्या मधेमधे कुणबी आणि गावकऱ्यांची भातशेतं, आणि शेतांच्या वर बांधावर घरं. एखाद्या उंच वळणावर उभं राहून एजंट हाताने जे मोठं अर्धवर्तुळ काढतो, त्यात मालकीचे असतात दोन-चार एकर, बाकीचं राष्ट्रपतींचं. पार्टी पैसे मोजते त्या अर्धवर्तुळाचे. म्हणून माझा पहिला उपदेश अत्यंत साधा आहे: साइट दाखवताना हात खिशात ठेवा.

हात खिशात राहिला तर 'व्ह्यू' हा शब्दही जरा जपून वापरला जाईल. जाहिरातीत 'रिव्हर टच' लिहिलेलं असतं. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते, सुप्याच्या धरणात थांबते आणि पुढे गणेशगुडीला उतरते. गणेशगुडीच्या खालची 'रिव्हर' ही वीजघरातून किती पाणी सोडतात यावर चालते. वीज लागली की नदी येते. राफ्टिंगवाल्या पोरांना हे पक्कं ठाऊक असतं. ते आधी पाण्याची चौकशी करतात आणि मग पर्यटकाला हेल्मेट घालतात. एजंट मात्र पार्टीला बरोबर पाणी सोडलेल्या वेळी आणतो. पार्टी फेसाळत्या प्रवाहाचे फोटो काढते, इसार देते, आणि पुढच्या खेपेला येते तेव्हा खडकांवर कपडे वाळत असतात.

धरणाच्या वरच्या अंगाला 'बॅकवॉटर टच' मिळतं. ते आणखी बहारीचं. सुप्याची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर, आणि साठा जवळपास १४७ टीएमसी. हे धरण दर वर्षी भरत नाही. त्यामुळे सलग दोन-तीन वर्षं पाणी खाली राहिलं की काठाला हिरवीगार सपाट पट्टी तयार होते, गुरं चरायला लागतात, आणि एखाद्याला वाटायला लागतं की ही जमीन आपलीच. ती पट्टी सरकारने कधीच संपादित केलेली आहे. तंबू ठोकायला ती झकास आहे, खरेदीखताला नाही. भर पावसाळ्यात पाणी चढलं की प्लॉट 'बॅकवॉटर टच' न राहता नुसता 'बॅकवॉटर' होतो. मे महिन्यात उलटं. पाणी उतरून इतकं दूर जातं की टच करायला सकाळी डबा घेऊन निघावं लागतं, आणि मधल्या चिखलात बुडालेल्या जंगलाचे बुंधे उभे असतात. चांगल्या एजंटाने काय करावं? एका पार्टीला तीच जागा दोनदा दाखवावी, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मेमध्ये. हा सल्ला मी एका एजंटाला दिला तेव्हा त्याने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

ऑगस्टचं मी सहज म्हणून गेलो, पण जोयड्याचा ऑगस्ट म्हणजे काय ते पुण्यात समजणार नाही. पार्टीला आणतात डिसेंबर-जानेवारीत. धुकं, कोवळं ऊन, धनेश पक्ष्यांच्या पंखांचा तो घरघराट. सगळं पोस्टरसारखं. ऑगस्टमध्ये त्याच पायवाटेवर पावलागणिक जळवा असतात. जळू चावताना कळत नाही. कळतं ते मोजा लाल झाल्यावर. एका पाहुण्याच्या मोज्यातून आमच्या एजंटाने शांतपणे पाच-सहा जळवा काढल्या, तंबाखूचं पाणी लावलं, आणि बोटं पुसत म्हणाला, 'साहेब, हे सगळं ऑरगॅनिकच हाय.' अशा माणसाला कुठलं प्रशिक्षण देणार?

आता कागदाकडे येऊ. खरा धंदा तिथे आहे.

महाराष्ट्रात सातबारा, तशी इथे पहाणी. सरकारी भाषेत आरटीसी. ती कन्नडमध्ये असते. पुण्याची पार्टी तो कागद हातात घेऊन, क्वचित उलटा धरून, 'हं... हं...' करते आणि एजंटाकडे परत देते. या क्षणी एजंट हा त्या माणसाच्या आयुष्यभराच्या पुंजीचा एकमेव वाचक होतो. तो वाचायला लागतो. नवव्या रकान्यात मालकाचं नाव असतं. ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखं खणखणीत येतं. दहाव्या रकान्यात ही जमीन मालकाकडे कशी आली त्याची नोंद. ती जरा भरभर. मग अकरावा रकाना येतो आणि एजंटाला खोकला येतो. हा खोकला मी अनेक घशांतून ऐकला आहे. पाण्याची बाटली उघडली जाते, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारली जाते, आणि परत कागदाकडे नजर वळते तेव्हा बोट बाराव्या रकान्यावर असतं. तिथे पीक लिहिलेलं असतं. भात.

अकराव्या रकान्यात हक्क आणि ऋण. सोसायटीचं कर्ज तिथे, बँकेचा बोजा तिथे, कोर्टाची मनाई तिथे. सरकारने कसायला दिलेली जमीन असेल तर ती इतकी वर्षं विकायची नाही, ही अटही तिथेच. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मिळालेल्या जमिनीचं तर १९७८ च्या कायद्याने फार कडक काम आहे: परवानगीशिवाय विकली, तर जमीन मूळ कुटुंबाकडे परत आणि घेणाऱ्याच्या हाती भरपाई शून्य. एवढं सगळं एका खोकल्यात जातं. म्हणून प्रशिक्षणात बाकी काही नाही शिकवलं तरी चालेल, एजंटांच्या घशाचा इलाज करावा. अकरावा रकाना मोठ्याने, सावकाश, मराठीत अर्थ सांगून वाचणारा एजंट भेटला तर त्याच्या घरचा पत्ता लिहून ठेवावा.

पहाणीवर आणखी एक गंमत असते, खराब्याची. पोटखराब दोन प्रकारचा. 'अ' खराब म्हणजे पिकाला नालायक, पण मालकाचा. 'ब' खराब म्हणजे सार्वजनिक: ओढा, वाट, स्मशान. एजंट म्हणतो, 'तीन एकर अमुक गुंठे हाय, थोडा खराब सोडला तर.' पार्टीला वाटतं खराब म्हणजे कोपऱ्यातला खडकाळ तुकडा असेल, सोडला तर सोडला. प्रत्यक्षात ज्याच्या काठावर बसून मॅडमनी 'इथे आपण छोटासा डेक करू' म्हटलं, तो झुळझुळणारा ओढाच 'ब' खराब असतो. म्हणजे या जागेत आवडण्यासारखं जे होतं, तेवढंच नेमकं विकत मिळत नाही. डेक झाला, तर सरकारच्या ओढ्यात झाला.

घाटावरच्या सुपारीच्या बागांबरोबर 'बेट्टा'ही दाखवतात. बागेला लागून असलेल्या या जंगलातून बागायतदाराने पालापाचोळा, हिरवळ न्यावी अशी जुनी सवलत आहे. सवलत पाल्याची आहे, जमिनीची नाही. पण बाग एक एकर आणि बेट्टा कितीतरी जास्त असला की जाहिरातीत दोन्हींची बेरीज होते. मग वर्षानुवर्षं कसलेलं पण नावावर नसलेलं वनजमिनीवरचं शेत आहे. 'फाइल टाकलीय, होऊन जाईल' असं त्याबद्दल सांगतात. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीबाहेरच्या कुटुंबाला पंचाहत्तर वर्षांचा म्हणजे तीन पिढ्यांचा पुरावा द्यावा लागतो. त्या फायलीत आजोबा म्हातारे झाले, नातू एजंट झाला आणि फाइल अजून टेबलावर आहे. हक्क मिळाला तरी तो वारसालाच जातो, विकता येत नाही. पण एवढं बोलत बसलं तर चहा निवतो.

काही हुशार मंडळींनी यावर मोठा मार्ग काढला आहे. शेताचे तुकडे करायचे, आत मुरमाचा रस्ता, दारात कमान, कमानीवर इंग्रजी नाव, कोपऱ्यात स्विमिंग पुलाचा नकाशा, आणि म्हणायचं 'फार्म प्लॉट'. रेरा नोंदणीचा क्रमांक विचारला तर एजंट दुखावल्यासारखं करतो. 'साहेब, ही शेती हाय. शेतीला कसला रेरा?' पाचशे चौरस मीटरवरचा प्लॉटिंगचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही आणि एजंटाचीही स्वतःची नोंदणी लागते, हा २०१६ चा केंद्राचा कायदा. पण ही शेती आहे. पीक कोणतं? प्लॉट. वर्षाला दोन हंगाम, दिवाळी आणि मे.

कागदांत शेवटी आत्या असते. ती कुठल्याच रकान्यात नसते, आणि तिथेच घोटाळा होतो. पहाणीवर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तीन भाऊ विकायला तयार. एजंट तिघांना गाडीत घालतो, चहा-भजी देतो, सह्या घेतो. आत्या गोव्याला दिलेली. तिला कोण विचारतो? कर्नाटकाने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला, २००५ साली सगळ्या देशाने दिला, आणि २०२० साली सुप्रीम कोर्टाने त्यातली उरलीसुरली शंकाही काढली. एजंटांच्या जगात मात्र आत्या अजून 'ती काय म्हणणार नाही' या सदरात आहे. ती खरंच काही म्हणत नाही. ती वकिलाला म्हणायला लावते. माझ्या मते एजंटाने पार्टीला साइट दाखवण्याआधी आत्याच्या घरी पाव किलो पेढे घेऊन जावं. व्यवहार मोडायचा असेल तर तिथेच मोडतो, आणि पेट्रोल वाचतं.

इथवर मी 'पार्टी' म्हणत आलो तो घेणारा. प्रशिक्षणातही ग्राहक म्हणजे घेणाराच धरतात. पण एजंट टक्का दोन्हीकडून घेतो. मग देणाराही ग्राहकच की. त्याची सेवा काय?

देणारा बहुतेक वेळा ओसरीवर बसलेला असतो आणि पुण्याच्या पार्टीशी एक शब्द बोलत नाही. त्याच्या गप्प बसण्याला इतिहास आहे. या तालुक्यातला जमिनीचा सगळ्यात मोठा व्यवहार एकही एजंट नसताना झाला. सुपा हे तालुक्याचं गाव होतं. तालुक्याचं नावही सुपाच. धरण १९८७ साली पूर्ण झालं, गाव आणि आसपासची शेतं पाण्याखाली गेली, माणसांना रामनगरला वसवलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या. त्या व्यवहारात घासाघीस नव्हती, इसार नव्हता, 'घरच्यांशी बोलून सांगतो' म्हणायची सोय नव्हती. पुढे व्याघ्र प्रकल्प आला आणि जंगलातल्या गावांना 'स्वेच्छेने' बाहेर पडण्यासाठी पॅकेज आलं, आधी कुटुंबामागे दहा लाख, मग पंधरा. गाडीतून उतरून, डोंगराकडे बोट दाखवून, हातातल्या कागदावर सही कर म्हणणारा माणूस इथे तीन पिढ्यांनी पाहिलेला आहे. नवीन असलाच तर एजंटाचा टी-शर्ट.

(जुन्या कागदांवर तालुका अजून सुपा असतो. ते पाहून एक पाहुणे भयंकर सावध झाले. 'सुपे तर आमच्या बारामतीजवळ! तुम्ही कर्नाटकात काय दाखवताय?' सावधगिरी हवीच, पण ती अकराव्या रकान्यासाठी राखून ठेवावी.)

तर देणाऱ्याची सेवा म्हणजे त्याला शेजारच्या गावात खरोखर काय भाव फुटला ते सांगणं. एकाच दिवशी घेणाऱ्याला एक आकडा आणि देणाऱ्याला दुसरा सांगून मधलं अंतर खिशात घालणं हा इथला जुना खेळ आहे. त्या अंतराला टक्का म्हणत नाहीत. त्याचं नावच कोणी घेत नाही. दुसरं म्हणजे काय विकू नये तेही सांगणं. घरामागचं परस पार्टीला नेहमी आवडतं, कारण तिथूनच 'व्ह्यू' असतो. पण कोनं, कणगी, मुडली, सुरण हे सगळं परसातच असतं. जोयड्याच्या कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा टोपलीएवढ्या कंदांशेजारी त्यांच्या मालकिणी उभ्या असतात आणि शहरी माणसं त्यांच्याबरोबर फोटो काढतात. ते परस दिलं की पैसे संपेपर्यंत बाजारातून बटाटे आणायचे आणि पैसे संपल्यावर त्याच परसात नव्या मालकाच्या होमस्टेवर भांडी घासायची. एका म्हाताऱ्या मामांना एजंटाने विचारलं, 'मामा, वरचं शेत देणार, मग परस का देत न्हाई?' मामा म्हणाले, 'वरचं शेत गवाच खातो. ते तू त्याला वीक.'

या वाक्यावर पार्टी खळखळून हसली. शेत खरंच गवे खातात, हे मी मागच्या सीटवरून सांगणार होतो. पण एजंटाला पुन्हा खोकला आला.

खरेदीखत झालं की शहरातला एजंट पेढे देऊन मोकळा होतो. जोयड्यात तिथून नोकरी सुरू होते. पुण्याहून फोन येतात. आमच्याकडे पाऊस पडला का? आंब्याची कलमं जगली का? तो गडी कामाला येतो की नुसता पगार घेतो? वॉचमन ठेवला होता त्याचा फोन का लागत नाही? एजंटाने टक्का एकदाच घेतलेला असतो, पण पार्टीच्या हिशेबात तो आजन्म घेतलेला असतो. याच काळात खरा माणूस ओळखू येतो. काही जण नंबर बदलतात. काही जण मात्र जूनच्या पावसात रेनकोट चढवून त्या रेंजच्या दगडावर जाऊन उभे राहतात आणि प्रत्येकाला उत्तर देतात. आमच्या ओळखीतले एक असे आहेत. मागच्या पावसाळ्यात त्यांना एका इंजिनियर साहेबांचा फोन आला. गव्यांच्या कळपाने सगळं कुंपण आडवं केलं होतं. साहेब तापले होते. क्लिअर टायटल म्हणून सांगितलं होतं, कोणाचा वहिवाटीचा हक्क नाही म्हणून सांगितलं होतं, मग हे काय?

एजंटाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'साहेब, तुमचं बरोबर हाय. पण त्यांची वाट तिथनं आजोबांपासनं हाय, आणि व्यवहाराच्या दिवशी ते हजर नव्हते. आता कुंपण बारा फूट आत घ्या, आणि गेट ठेवा. दोन्ही बाजूंनी उघडणारं.'

साहेबांनी गेट केलं. सुताराकडूनही एजंटाने टक्का घेतला.